एकच जोड

बर्फात चाकांना बांधायच्या साखळ्या आमच्या कंपनीच्या सहा बसमध्ये मिळून एकच जोड. सकाळी तपासणीला आलेल्या राग्नहिल्डबाई एकेका बसची डिकी बघत होत्या, आणि त्यांची पाठ वळली की गॅरेजचा ओडवार तोच जोड पुढच्या बसमध्ये टाकत होता. सहाही बस पास झाल्या. जोड राहिला शेवटच्या बसमध्ये, आणि माझी बस पहिली.

"आयवार, आज कुठला बर्फ पडतोय? जा निवांत," ओडवार म्हणाला.

दुपारी बर्गनच्या वाटेवर घाटात बर्फाने गाठलंच. चढावर मागची चाकं दरीकडे सरकली. माणसं किंचाळली.

 

तपासणी आटोपून माझ्याच बसने बर्गनला निघालेल्या राग्नहिल्डबाई मागच्या सीटवरून सगळ्यांना समजावत होत्या, "घाबरू नका. साखळ्या आहेत, मी स्वतः बघितल्यात."