परिषदेआधीचा मुक्काम

"याहून स्वस्त हवं असेल तर डॉर्मिटरी बघा," लॉजचा मॅनेजर काउंटरवरूनच म्हणाला.

जयवंतनं दारातून आत डोकावून पाहिलं. खाटेला खाट लागलेली, आणि प्रत्येक खाटेवर कुणीतरी उघड्या अंगानं पाय पसरून पडलेलं.

"नको. एकट्याची खोली असली तर सांगा."

"ती समोर आहे ना!" मॅनेजरनं रस्त्यापलीकडच्या हॉटेलाकडे हनुवटी उडवली. "पंचतारांकित. राहा मजेत."

त्याच हॉटेलात उद्या सकाळी चामडीच्या डॉक्टरांची परिषद होती. दारावरचा रखवालदार असा काही फेटा बांधून उभा होता की पाहुण्यांनीच त्याला मुजरा करावा. तिथल्या एका रात्रीच्या भाड्यात जयवंतचं चिपळूणचं घर महिनाभर चाललं असतं. मोठ्या डॉक्टरसाहेबांनी त्याला खास बोलावून घेतलं होतं, एस्टीचं भाडंही पाठवलं होतं. पण हा माणूस रात्री झोपणार कुठं, हे काही कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. मोठ्या लोकांना झोपायची चिंता कधी पडलेलीच नसते.

साहेबांचा शब्द मात्र पक्का होता. उद्या सगळ्यांसमोर नीट उभं राहायचं, विचारतील ते नीट सांगायचं, की दवाखान्यात कायमची नोकरी. आयुष्यात पहिल्यांदा महिन्याचा पगार. त्यासाठी आजची रात्र एक छप्पर हवं होतं, सकाळी अंघोळीला आडोसा आणि शर्टाला इस्त्री. स्टेशनच्या बाकड्यावर पडून तसाच चुरगळलेला गेला असता तर त्या फेटेवाल्यानंच हाकललं असतं.

तसं दुपारी जोगेश्वरीला काम होता होता राहिलं होतं. गावच्या ओळखीच्या सुनंदाबाईंची माळ्यावरची खोली, स्वच्छ, हवेशीर, भाडंही परवडणारं. "बूट तेवढे बाहेर काढा हं, आत देव आहेत," बाई म्हणाल्या. जयवंत उंबऱ्याशीच घुटमळला. मग "हॉटेलापासून लांब पडेल," असं काहीतरी पुटपुटून मागं फिरला. बाई बघतच राहिल्या.

आता दिवस कलला होता. कोपऱ्यावरच्या पानवाल्याला दया आली. "मरोळ गावठाणात जा ना. ख्रिस्ती लोक पेइंग गेस्ट ठेवतात. ज्युलियाबाईचं घर विचार."

ज्युलियाबाईच्या दारावर क्रूस होता आणि ओसरीवर कोंबड्या. जयवंत पायरीशी थबकला तशी ती म्हणाली, "या ना आत. बूट राहू द्या, आमच्याकडं तसलं काय नाय."

जयवंतला इतकं हायसं वाटलं, की खोली बघायच्या आधीच तो हो म्हणाला.

नवरा रुडॉल्फ मस्कतला, घरात ती आणि शाळेत जाणारी बेला. कपाटावर मस्कतचा टू-इन-वन रेडिओ, त्यावर विणलेला रुमाल. जयवंतनं परिषदेचं नाव काढलं आणि ज्युलियाचा चेहरा उजळला.

"म्हणजे चामडीचे डॉक्टर तुम्ही!"

"परिषदेला आलोय," जयवंत म्हणाला आणि खाली वाकून पिशवीचा बंद सोडू लागला.

मग काय विचारता! नवी चादर आली, इस्त्री तापली, जेवायला बोंबलाचं कालवण झालं. इतक्या मायेनं त्याला कुणी वाढून कित्येक वर्षं झाली होती.

ताटं उचलल्यावर ज्युलियानं बेलाला पुढं केलं. "डॉक्टर, एवढं बघा ना. हिच्या दंडावर सफेद डाग आलाय. बाजारातलं मलम लावून थकले."

"खाजतं?"

"नाय. कायच होत नाय त्याला."

जयवंतनं टॉवेलाचं टोक पिळून बारीक केलं. "डोळे मीट बाळ. लागलं की हां म्हण."

मनगटाला लागलं. "हां." कोपराला लागलं. "हां."

मग बेला तशीच डोळे मिटून वाट बघत राहिली. "अंकल, लावा ना!"

टोक तिच्या डागावरच टेकलेलं होतं. जयवंतनं हात मागं घेतला.

"काय आहे, डॉक्टर?"

खरं नाव तोंडातून निघालं की ही बाई दहा प्रश्न विचारणार, आणि त्यातल्या एकाचं तरी उत्तर देताना आजचा बिछाना जाणार. उद्याचं एकदा पार पडू दे, मग येऊन सांगू, असं त्यानं मनाशी ठरवलं.

"नायटा आहे," तो म्हणाला. "जाईल."

"देवा, सुटले! उद्या हिला हॉस्पिटलात नेणार होते, रांगेत आख्खा दिवस जातो. आता कशाला?"

जयवंतनं तोंड उघडलं आणि मिटलं. त्याला स्वतःची शरम वाटली. ज्युलिया गुणगुणत भांडी घासायला गेली.

सकाळी इस्त्रीच्या शर्टात तो हॉटेलात शिरला. फेटेवाल्यानं चक्क सलाम ठोकला. सभागृह गच्च भरलं होतं. मोठ्या साहेबांनी स्वतः हाताला धरून त्याला व्यासपीठावर नेलं, खुर्चीवर बसवलं आणि बूटमोजे काढायला सांगितलं. पुढच्या रांगेतले डॉक्टर माना उंचावून बघू लागले.

"हा जयवंत, माझा जुना पेशंट," साहेब माइकवर म्हणाले. "कुष्ठरोग. आता पूर्ण बरा आहे, कुणालाही धोका नाही. पण याच्या पायाची बोटं बघा. दंडावर पहिला डाग आला तेव्हाच कुणी ओळखून सांगितलं असतं, तर आज ती सगळी जागेवर असती."