ऑइल कुठून आलं?

मालकांना गाड्यांतलं सगळं कळतं, असं मालकांचंच म्हणणं होतं. पिकअपचं इंजिन थंड ठेवणाऱ्या कूलंटवर ऑइलचा तवंग दिसताच त्यांनी बारा वर्षं नोकरीत असलेल्या ड्रायव्हरला हाकलून दिलं.

"इंजिन तापवून गॅस्केट जाळलंस, गाढवा!"

"साहेब, गाडी एकदाही तापली नाही हो," तो कळवळून सांगत होता. पण असल्या माणसाचं ऐकून घेतलं, तर ते मालक कसले!

मेकॅनिकने इंजिन उघडलं. ऑइल कूलंटमध्ये मिसळू न देणारं गॅस्केट धडधाकट होतं, कुठे बारीकशी चीरसुद्धा नव्हती. चक्रावून त्याने सगळं पुन्हा जोडलं आणि नवं कूलंट भरलं.

"सरक बाजूला. ऑइल मीच ओतणार," मालक कॅन घेऊन पुढे आले. "महिनाभर झाला, हे काम मी तुम्हा अडाण्यांवर सोडतच नाही."

आणि त्यांनी ऐटीत कूलंटच्या टाकीचं झाकण उघडलं.