नद्यांचे मंत्री

जॉन्सनव्हिलच्या घरात बसून संपदा लंडनच्या एका पाक्षिकासाठी लिहायची. ब्रिटिश राजकारण्यांची टर उडवायची आणि त्यांच्या भानगडीही शोधायच्या, असं ते पाक्षिक. नद्या स्वच्छ करण्याची शपथ घेतलेल्या मंत्र्यानेच आपल्या मेहुण्याच्या कारखान्याला नदीत घाण सोडायची परवानगी दिली, हे तिने आठ महिने खपून कागदपत्रांसकट छापून आणलं. पाठोपाठ मंत्र्याच्या वकिलाची नोटीस आली आणि घाबरलेल्या मालकांनी संपदालाच काढून टाकलं.

"तुझी नोकरी गेली ते कळलं गं. त्या मंत्र्याचं काय झालं?" आईने, मनोरमाबाईंनी, उपासाचे शेंगदाणे निवडता निवडता विचारलं.

"राजीनामा दिला त्याने."

"चला! देवाच्या घरी न्याय आहे."

"थांब, पुढे ऐक. काल त्याला लॉर्ड केलं. आता जन्मभर वरच्या सभागृहात बसणार तो."

"लॉर्ड? म्हणजे इथल्या देवळात मुलं लॉर्ड गणेशा म्हणतात, तसा?"

"हो, अगदी तस्साच!" संपदा चिडून म्हणाली. "दोन फुलं वाहा त्यालाही. माझे आठ महिने फुकट गेले!"

मनोरमाबाईंनी ताट बाजूला ठेवलं आणि नेहमीच्या हळू आवाजात तिची समजूत काढली.



"फुकट कसे, बाळा? आठ महिने रोज त्याचंच नाव लिहीत होतीस. एवढ्या जपाने दगडाचासुद्धा देव होतो, हा तर मंत्रीच होता."