नेहमीप्रमाणे
कापूस वेचताना साप चावलेले देवसिंग दवाखान्यात घामाघूम पडले होते. सिस्टरनं औषधाची कुपी तपासणीच्या मशीनखाली धरली. लाल दिवा लागला, म्हणजे औषध बनावट. ती म्हणाली, “ताई, मशीनचा प्रोग्राम तुमचाच. त्यालेच पटून नाही राह्यलं, तं सलाईनमंधी कशी सोडू?” देवसिंगांची लेक ममता मशीनच्या पडद्याकडे वळली. पडद्यावर दोन हॅश, म्हणजे कुपीची ओळख पटवणारे अक्षरांचे लांब कोड, होते: कंपनीनं कुपीवर छापलेला आणि मशीननं काढलेला. अक्षरांच्या जोड्या त्याच, पण चार-चारच्या गटात उलट्या क्रमानं बसलेल्या. कंपनीला पाठवलेल्या माहितीपत्रकात बाईटच्या, म्हणजे या जोड्यांच्या, क्रमाबद्दल तिनं एवढंच लिहिलं होतं: ‘नेहमीप्रमाणे.’ त्यांचं नेहमीचं तिच्या उलटं निघालं. “औषध खरं आहे. सोडा.” “पक्कं ना?” सिस्टरनं विचारलं. वडील तिच्याकडेच पाहत होते. तिनं मान डोलावली. दिवा लालच होता. नळीतून थेंब उतरू लागले, तरी ममता बोटानं उरलेल्या जोड्या जुळवत राहिली.