उंच केलेली जीप

नारळ फुटला, बॉनेटवर हार चढला आणि मकरंदने वडिलांसाठी दार उघडून धरलं. "बसा अण्णा. पहिला मान तुमचा."

अण्णांनी दांडी पकडून पाय उचलला. तो वर पोचेना. पुन्हा उचलला, पुन्हा खालीच आला.

याच जीपवर अण्णांनी घाटात आयुष्यभर प्रवाशांचं वडाप चालवलं होतं. "मरायच्या आधी एकदा घाटात फिरवून आण रे," असं ते म्हणाले, म्हणून तर मकरंदने गंजलेली जीप अंगणातच खोलून नव्याने बांधली. दगडाधोंड्यांत अडकू नये म्हणून मोठी चाकं आणि उंच स्प्रिंगा बसवल्या. जमिनीपासूनची उंची टेपने मोजून वाढवली. अण्णा रोज शेजारी खुर्ची टाकून बसायचे, पण त्यांच्या गुडघ्यांचा विचार त्याच्या मनातही आला नाही.

"धरा रे, उचलून ठेवू काकांना!" गल्लीतलं कुणीतरी पुढे आलं.

"पोतं आहे का मी?" अण्णा हसले, पण त्यांचे कान लाल झाले होते. "आज गुडघा जरा आखडलाय. तू जाऊन ये, मी इथून बघतो."

मकरंद हळूच म्हणाला, "गाडी फार उंच झालीय, हे तुम्हाला आधीच कळलं होतं ना? मग बोलला का नाहीत?"

"तू इतक्या हौसेने करत होतास."

"आज गाडी निघणार नाही. चुकलंय माझं," त्याने सगळ्यांना सांगितलं आणि उंच स्प्रिंगा काढायला नव्या सदऱ्यानिशी तो जीपखाली शिरला. तिथून अण्णांच्या फक्त चपला दिसत होत्या. चेहऱ्याकडे बघायचा त्याला धीर नव्हता.