दोनशे चौदा पावलं

“दरवाज्यापासून खोलीपर्यंत पंधरा मिनिटं?” मेव्हिसने पेन्सिल टेबलावर आपटली. “अगं, आत कॉलेज आहे की वाळवंट?”

“लिही म्हटलं ना,” एडना म्हणाली. “माझ्या पायांना तेवढी लागतात.”

किंग्ज लिन गावातल्या आपल्या स्वयंपाकघरात दोघी बहिणी गुरुवारचा बेत आखत बसल्या होत्या. सकाळी नऊची गाडी, दहाच्या सुमारास केंब्रिज. स्टेशनवरून टॅक्सी, ती थेट कॉलेजच्या दरवाज्याशी. अंड्याची सँडविचेस मेव्हिस करणार. छत्र्या दोन, कारण एकीत दोघींचं कधीच पटलं नव्हतं. पाचच्या गाडीने परत. सगळं कसं जागच्या जागी बसलं होतं. घोडं अडलं होतं ते दरवाज्याच्या आत.

आत मोठा चौक होता आणि चौकभर हिरवळ. त्या हिरवळीवर पाय ठेवायचा मान फक्त फेलोंचा, म्हणजे कॉलेजातल्या मुरलेल्या प्राध्यापकांचा. बाकी सगळ्यांनी कडेच्या फरशीवरून वळसा घालायचा. एडनाने सव्वीस वर्षं तिथे पोरांच्या खोल्या झाडल्या, बिछाने घातले. रोज सकाळी सहाला बादली घेऊन ती तो वळसा घालायची. दोनशे चौदा पावलं. गुडघे धड होते तोवर तिला त्याचं काही वाटलं नव्हतं.

पलीकडच्या कोपऱ्यात, तळमजल्यावर, डॉक्टर थॉर्नली राहायचे, तेव्हाही आणि आताही. पुस्तकांचे डॉक्टर, औषधांचे नव्हेत. एडनाने रोज त्यांच्या खिडकीशी चहा ठेवायचा आणि त्यांनी रोज वाचता वाचता तो गार करायचा. गेल्या आठवड्यात त्यांचं पत्र आलं होतं. एक्याण्णव वय झालं, महिनाअखेरीस खोली सोडून भाचीकडे डेव्हनला चाललो, कायमचा. एकदा येऊन जा, मिसेस प्लम्ब. या वेळी चहा मी करीन, त्याच खिडकीशी बसू. एडनाने ते चारदा वाचलं आणि चारही वेळा चष्मा पुसला.

त्या दिवसापासून ती मागच्या गल्लीत पावलं मोजत होती. आकडा काही एकशे वीसच्या पुढे जाईना. तिथे डावा गुडघा बसकणच मारायचा. हे तिने मेव्हिसला सांगितलं नव्हतं. मेव्हिसने ते रोज खिडकीतून पाहिलं होतं.

“कॉलेजात चाकांची खुर्ची असेल की,” मेव्हिस हळूच म्हणाली.

“खबरदार! बादली घेऊन तुरुतुरु जायचे मी तिथून. आता मला ढकलत नेताना ते दरवान बघणार? त्यापेक्षा मी जातच नाही.”

“मग थांबत थांबत जा.”

“कुठे थांबू? टेकायला एक बाक नाही तिथे.” एडनाने कागद उलटा करून ठेवला. “राहू दे. सर्दी झालीय म्हणून कळवते त्यांना.” आणि तिला रडू यायला लागलं. ते तिला मुळीच आवडलं नाही.

मेव्हिस गप्प झाली. मेव्हिस गप्प बसली की तिने काहीतरी उपद्व्याप केलेला असतो, हे एडनाला लहानपणापासून ठाऊक होतं.

“काय केलंस?”

“सकाळी फोन केला. दरवानाला. नुसतं विचारलं गं, म्हटलं एखाद्या गुडघे दुखणाऱ्या बाईला...”

“मेव्हिस!”

“ओरडू नकोस. डॉक्टरांना विचारून सांगतो म्हणाला.”

एडनाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाऊण तास ती बहिणीकडे पाठ करून बटाटे सोलत बसली, चार माणसांना पुरतील इतके. मग फोन वाजला.

खुद्द डॉक्टर होते. कमी ऐकू येणारी माणसं बोलतात तसे ते ओरडून बोलत होते, त्यामुळे मेव्हिसला टेबलापाशीसुद्धा सगळं ऐकू आलं.

“मिसेस प्लम्ब! गुरुवारी दरवाज्याशी मीच उभा राहतो. फेलोला आपला पाहुणा हिरवळीवरून नेता येतो, हे तुम्हाला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नाही? सरळ मधून जाऊ. माझा हात धरा. म्हणजे खरं तर मीच तुमचा धरणार. माझे गुडघे तुमच्याहून जास्त गेलेले आहेत!”

“बरं, डॉक्टर,” एडना म्हणाली. फोन ठेवून ती खुर्चीत बसली.

मेव्हिसने तेवढ्यात कागद सुलटा केला, पंधरा खोडले आणि तीन लिहिले. “बघ! आणि म्हणे उपद्व्याप! बारा मिनिटं वाचवली मी तुझी. बाजारात एक चक्कर होईल.”

एडनाने तिच्या हातातून पेन्सिल घेतली. तीन खोडले. शेजारी पुन्हा पंधरा लिहिले, मघापेक्षा मोठे.

“आता कशाला गं पंधरा? वाट कितीतरी कमी झालीय.”

“मधोमध थांबणार आहे मी.”

“गुडघ्यासाठी?”

“गुडघ्याला काय धाड भरलीय?” एडना म्हणाली. “सव्वीस वर्षं कडेकडेने गेले. नुसती उभी राहणार आहे.”