पायाचा अंगठा

"आधी मोजे काढा, मग पत्ते," पार्वतम्मा म्हणाली.

गार्ड वीरभद्रप्पा नुकताच वाडी जंक्शनहून गाडी घेऊन सोलापुरात परतला होता. पौषातली थंडी, आणि रेल्वे क्वार्टरची शहाबादी फरशी पाय टेकू देत नव्हती. तरी त्यानं मुकाट्यानं मोजे काढले. घरात देवपूजा असते, बुटातले मोजे चटईवर नकोत, हे बायकोचं कारण त्याला पटलेलं होतं. खरं कारण वेगळंच होतं.

हा डाव तो वाडीला गार्ड-ड्रायव्हर मुक्काम करतात त्या रनिंग रूममध्ये गोव्याच्या एका गार्डाकडून शिकला आणि घरी येऊन त्यानंच तिला शिकवला. प्रत्येकाला एक पान पालथं. ते ज्याचं त्यानंच बघायचं. मग एकेक करून चार पानं उताणी, सगळ्यांना दिसतील अशी. दर उताण्या पानाला चिंचोके लावायचे. समोरच्यानं तेवढेच लावावेत, नाहीतर डाव सोडावा. जोडी जमली की सुट्या पानांवर मात. पण हातात काही नसतानाही असल्याचा आव आणता येतो, आणि खरी गंमत त्यातच, असं तो शिकवताना म्हणाला होता. तोंडावर काही दिसू द्यायचं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

तोंडावर त्याच्या खरंच काही दिसत नसे. पण गुडघे उभे करून बसायची त्याला सवय, आणि खोटा आव आणू लागला की त्याच्या उजव्या पायाचा अंगठा शेजारच्या बोटावर घासायला लागे. हे त्याला ठाऊक नव्हतं. पार्वतम्माला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. तेव्हापासून गुरू हरत होता आणि शिष्येचा चिंचोक्यांचा डबा भरत होता.

आज मात्र तिचं चित्त डावात नव्हतं. सोलापूरच्या काही गार्डांना भुसावळला धाडणार अशी बोलवा होती, आणि ऑर्डर आज निघायची होती. पार्वतम्मा एकुलती एक लेक. तिची आई नागम्मा गावातच बाळीवेशीत एकटी राहायची, डोळ्यांनी अधू. दोन्ही वेळची भाकरी लेकच नेऊन द्यायची. भुसावळला गेल्यावर म्हातारीला कोण बघणार? सासूला जावयाच्या घरी कायमची आणून ठेवायची, हे भाऊबंदांना तर रुचलं नसतंच. पण खुद्द नवऱ्याला विचारायचीही तिची छाती झाली नव्हती. तो आला, चहा प्याला, ऑर्डरीबद्दल चकार शब्द बोलला नाही. आणि तिला विचारवेना.

तिसरं उताणं पान पडलं. चिंचोके लावायच्या आधीच वीरभद्रप्पा सहज बोलावं तसं म्हणाला, की भुसावळची ऑर्डर आली, पुढल्या महिन्यात बिऱ्हाड हलवायचं.

 पार्वतम्माची नजर सवयीनं त्याच्या पायाकडे गेली. या पानावर अजून कुणी काही लावलेलं नव्हतं, पानांचा आव आणायची वेळच नव्हती. तरी अंगठा घासत होता.

म्हणजे थाप. पार्वतम्माचा जीव भांड्यात पडला. नवऱ्याला चांगलं फैलावर घ्यावं, असं मनात आलं. पण जे इतके दिवस ओठांवर येऊन परत जात होतं, ते विचारायला याहून बरी वेळ मिळणार नव्हती.

"मग आईला संगं न्यायचं का?" तिनं विचारलं. विचारलं, आणि अंगठ्याकडे बघत राहिली.

"न्यायचं की. त्यात काय इचारायचं?" तो पत्त्यांतून मान वर न करता म्हणाला. "तिला हितं कुणाच्या भरवशावर सोडायचं? भाऊबंद बोलतील दोन दिस. बोलू देत."

अंगठा चटईवर गप्प होता. तिनं आणखी थोडा वेळ वाट पाहिली. तो हललाच नाही.

तिला एकदम भरून आलं. तिनं पदर सावरल्याचं निमित्त करून डोळे टिपले, चिंचोके लावले आणि पुढचं पान मागितलं.

शेवटची पानं पडली. त्याच्यापुढे एक्का, राजा, दश्शी, सत्ती. तिच्यापुढे राणी, नव्वी, पंजी, चौकी, आणि पालथं पान दुसरी राणी. त्यानं चिंचोक्यांची अख्खी रास पुढे सारली. जणू पालथा एक्काच आहे. अंगठा चांगलाच घासत होता.

पार्वतम्मानं आपली राणी पालथीच गड्डीत सरकवली आणि डाव सोडला.

वीरभद्रप्पानं पान उलटलं. चौकटची दुर्री. "दुर्रीवर मारलं तुला," असं म्हणत तो मांडीवर थाप मारून हसला. मग सगळं सांगून टाकलं. ऑर्डर निघाली, पण त्यात त्याचं नाव नव्हतं. एकदा तरी जिंकावं म्हणून तिचं चित्त उडवलं होतं. अशी थट्टा करतात का, म्हणून ती रीतीपुरती फुगली. आपल्याला आता तोंड सांभाळायचं जमलं, तू यापुढं जिंकायची न्हाईस, असं त्यानं तिला बजावलं.

पत्ते पिसता पिसता तो पाय चोळू लागला. "लई गार पडल्यात. मोजे घालू का?"

पार्वतम्मा उठली. आपल्या अंगावरची वाकळ काढून तिनं त्याच्या दोन्ही पायांवर घातली आणि चारी बाजूंनी नीट खोचली.

"वाटा आता," ती म्हणाली.